खळ

पाळकांचे गळे मला पाठ आहेत, बोटांच्या मापात.
क्राबेसाहेबांचा चोवीस बोटं, बैलासारखा.
त्यांच्या आधीचे, ते सारखे खोकणारे,
एकोणीसही भरले नसते.
कॉलर धुवायला आली की आतल्या कडेचा मळ सांगायचा
रविवारी किती घाम आला,
आणि बहुतेक कुठल्या वाक्याला.

भाताची खळ. बटाट्याची पिवळी पडते,
असं आई म्हणायची, मीही म्हणते.
पडताळून दोघींनीही पाहिलं नाही.
पळी जड होऊ लागली की पातेलं उतरवायचं,
कापड बुडवायचं, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं,
जखमेवरची पट्टी दाबावी तसं.
मग तापल्या सळईवर एकेक चुणी,
एक वर, एक खाली, पुन्हा वर,
आठाचा आकडा आडवा पडून झोपलेला,
असे शंभरावर.
माझ्या पेरांना आता चटका कळत नाही.

उन्हाळ्यात जर्मनीहून माणसं येतात,
चर्चच्या दारात उभी राहून विचारतात,
हे जात्याच्या तळीएवढं गळ्यात कशाला?
मी सांगते, पूर्वी सरदार घालायचे, व्यापारी घालायचे,
त्यांच्या बायकाही घालायच्या.
मग फॅशन राजवाड्यातून गेली, पेढीवरून गेली,
पाळकांकडे तेवढा निरोप पोचला नाही.
हसतात. फोटो काढतात.

दुसरं उत्तर मी त्यांना देत नाही.
काळा झगा माणसाला पायापासून हनुवटीपर्यंत गिळतो,
त्याचं पोट, त्याची घरातली भांडणं,
त्याला कुठल्या दुकानातला कोट परवडला असता ते.
उरलेलं डोकं कॉलर वेगळं काढून ठेवते,
तबकात ठेवावं तसं.
योहानाचं ठेवलं होतं, हे मी एकदा
क्राबेसाहेबांना बोलून गेले.
आठवडाभर ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात ‘मारेन’ परत आली नाही.
चार शवपेट्या, दोन रिकाम्या.
त्यातली एक एय्नारची. माझ्या एय्नारची.
आदल्या रात्री कॉलर मीच केली.
दुसरं कोण करणार होतं?
मी पहिल्या बाकावर. क्राबेसाहेब सांगत होते
की समुद्र आपल्यातले मेलेले परत देईल,
आणि मला दिसली
डाव्या कानाखाली दबलेली एक चुणी.
माझ्या हातून चुकलेली.
नऊ दिवस डोळ्यांत टिपूस नव्हतं.
त्या चुणीपाशी आलं.
त्यांना वाटलं, वचन लागलं.
त्यांचा तो समज मी मोडला नाही,
त्यांनाही मातीत ठेवेपर्यंत.

आता नव्या आल्या आहेत, सिसेल. पाळकबाई.
आखूड केस, सायकल, बुटांना ओली वाळू.
‘कडक कॉलरची सवय नाही मला. श्वास कोंडतो.
नाही घातली तर चालेल?’
मी म्हटलं, बसा.
बोटांनी मोजला. अठरा.
कंठमणी नाही, त्या जागी धडधड.
पन्नास वर्षं पुरुषांची भीती मला
सोमवारी कळत आली, साबणाच्या पाण्यात.
ही हातात होती, गरम.

म्हटलं, ‘कोंडू दे थोडा.
ती घातली की मान खाली घालता येत नाही,
कागदही धड वाचता येत नाही.
समोर बघावं लागतं.
पहिल्या बाकावर कुणीतरी बसलेलं असतं.’

खिडकीबाहेर किनाऱ्यावर तो चिमणा पक्षी पळत होता,
गळ्यात पांढरं कडं.
आमच्याकडे त्याला पाळकाची कॉलर म्हणतात.
पळतो, थबकतो, पंख मोडल्याचं सोंग करतो,
अंड्यांपासून माणसाला लांब नेतो.
सिसेल त्याच्याकडे बघत राहिल्या.
कॉफी गार झाली.

चुलीवर खळ आहे.
या वेळी डाव्या कानाखालची एक चुणी
मी दाबणार आहे. किंचित.